रिकामी पुंगळी

बंदुकीबद्दल लिहायला घेतलं की मराठी वाचक दोन पावलं मागे सरकतो, हे मला ठाऊक आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात बंदूक कधी नव्हती. ती होती ती भाषेत. फुसका निघालेला बार आपण सगळ्यांनी पाहिलाय आणि दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारे चार जण तरी प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. ‘काडतूस’ हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांनी आपल्याला दिला आणि आपण तो तापट पोराला चिकटवून मोकळे झालो.

आयर्लंडमध्ये आल्यावर मात्र बंदूक अधूनमधून समोर येते. डब्लिनच्या अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर कदाचित नाही. पण विकलो, टिपररी किंवा गॉलवेकडे घर घेतलंत, तर शेजारच्या शेतकऱ्याकडे शॉटगन असते, शाळेतल्या पालकांपैकी एखादा हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जातो, आणि त्याने दिलेलं हरणाचं मांस आपल्या फ्रीझरमध्ये येऊन पडतं. हल्ली आपली काही तरुण मंडळीही नेमबाजी क्लबात जायला लागली आहेत. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवलं, स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्य आणलं. दोघंही कोल्हापूर जिल्ह्याची. त्यामुळे हा खेळ आता परका म्हणता येणार नाही.

अशाच एका तरुणाने मला एक प्रश्न विचारला. त्याच्याकडे रायफल आहे आणि तिचा रीतसर परवाना आहे. गोळी झाडली की पितळेची रिकामी पुंगळी मागे उरते. इंटरनेटवर पाहिलं तर जगभरातले लोक ती पुंगळी साध्या हातअवजारांनी घरीच पुन्हा भरतात. इथे त्याची परवानगी नाही. तो म्हणाला, “काका, बंदूक माझी, पुंगळी माझी, हात माझे. कोणाला त्रास नाही, कोणाला कळणार नाही. मग यात चूक काय?”

प्रश्न छोटा वाटतो. पण ‘कोणाला त्रास नाही, कोणाला कळणार नाही’ हे वाक्य आपण परदेशात राहणारे लोक किती वेगवेगळ्या बाबतींत मनातल्या मनात म्हणतो, ते आठवून बघा. म्हणून या पुंगळीचा विचार जरा सावकाश करू.

आधी वस्तू समजून घेऊ. रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. कोकणात ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली असेल त्यांना प्रायमर समजवायला नको. तिथली केप आणि हा प्रायमर ही भावंडंच. घोडा दाबला की प्रायमर पेटतो, दारू जळते, गोळी जाते. प्रायमर, दारू आणि गोळी एकदा गेली की गेली. पुंगळी मात्र शाबूत राहते. सुमारे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असं तिचं पितळ असतं आणि काडतुसातला तोच सगळ्यात महाग भाग. जुना प्रायमर काढायचा, फुगलेली पुंगळी मूळ मापाला आणायची, नवा प्रायमर, मोजून दारू, वर गोळी. एवढंच काम. (बावीस बोअरची छोटी काडतुसं, जी ऑलिंपिकच्या पन्नास मीटर रायफल प्रकारात वापरतात, त्यांत प्रायमरचं मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं. त्यामुळे ती अशी पुन्हा भरत नाहीत.)

या कामाला मोठी यंत्रं मिळतात, तशी स्वस्त हातअवजारंही मिळतात. अमेरिकेत लीच्या नावाचा एक छोटा संच कित्येक दशकं विकला जातोय. हातोडीचे ठोके मारून काम होतं, सगळं एका लहान डब्यात मावतं. हौशी माणसाला यात दोन फायदे दिसतात. पैसे वाचतात, आणि आपल्या बंदुकीला नेमकं मानवेल असं काडतूस करता येतं.

आता सांगा, मराठी मनाला हे पटणार नाही का? जुन्या साडीची गोधडी करणारी, पितळी पातेल्याला दरवर्षी कल्हई लावून घेणारी, श्रीखंडाच्या डब्यात डाळ भरणारी आपली माणसं. चांगलं पितळ फेकून द्यायचं म्हणजे आपल्याला पापच वाटतं. त्या तरुणाच्या ‘चूक काय’मध्ये हे संस्कारही होते, आणि ते काही वाईट संस्कार नाहीत.

मग सीमेचा प्रश्न येतो. टेक्सासमधला तुमचा मावसभाऊ गॅरेजमध्ये बसून स्वतःपुरती काडतुसं भरतो, त्याला कोणी विचारत नाही. लेस्टरमधला मित्र बंदुकीचं सर्टिफिकेट असेल तर घरी भरू शकतो. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात बंदुकीचा परवाना असला तरी काडतूस भरायला वेगळा परवाना लागतो. पहिल्यासोबत दुसरा येत नाही. पुण्यात तर विनापरवाना काडतूस तयार करणं हा गंभीर गुन्हा आहे. माणूस तोच, पुंगळी तीच, हातही तेच. विमानाने चार ठिकाणी उतरलं की एकच कृती दोन ठिकाणी छंद आणि दोन ठिकाणी गुन्हा. साहजिकच मनात येतं की यात नीती कुठे आहे? हे तर नुसते नियम.

चोरी सगळीकडे चोरी असते. रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवणं मात्र डब्लिनमध्ये बरोबर आणि ह्यूस्टनमध्ये जीवघेणं. म्हणून आपण काही म्हणत नाही की ‘डावं-उजवं हा नुसता नियम आहे, मी माझ्या सोयीने चालवीन.’ नियम कुठलाही चालला असता, पण एकदा तो ठरला आणि समोरचा त्यावर विसंबून गाडी हाकू लागला की तो पाळणं ही नीतीची गोष्ट होते. तेव्हा ‘दुसऱ्या देशात चालतं’ हा युक्तिवाद ऐकायला जितका भक्कम वाटतो तितका तो नाही. खरा प्रश्न असा विचारायला हवा, की या देशात, या नियमावर कोण विसंबून आहे?

इथे थोडा इतिहास पाहावा लागेल, कारण हाताने भरलेलं काडतूस आयर्लंडला अजिबात नवं नाही.

२६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा मोठा सामना झाला. आयरिश संघाकडे डब्लिनच्या रिग्बीच्या तोंडाकडून भरायच्या रायफली होत्या, म्हणजे एका अर्थाने ठासणीच्याच, आणि प्रत्येक बार मोजूनमापून हाताने भरलेला. अमेरिकन मंडळी मागून काडतूस घालायच्या नव्या बंदुका घेऊन आली होती. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. तीन गुणांनी हरले. आणि कसे? मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाची एक गोळी थेट मध्यावर लागली, पण शेजारच्या निशाणावर. ती आपल्या निशाणावर लागती तर निकाल उलटा झाला असता. परतीचा सामना पुढच्या वर्षी डब्लिनच्या डॉलीमाउंटला झाला, जिथे आज आपण रविवारी समुद्रावर फिरायला जातो. तोही अमेरिकेनेच जिंकला. मिल्नरची ती गोळी मला या विषयात वारंवार आठवते. हाताचं कसब पुरेपूर होतं. पण कसब पुरेपूर असल्याने निशाण योग्य ठरत नाही.

पुढे १९१६. उठावाच्या आधीचे काही महिने डब्लिनच्या किमेज भागात, लार्कफील्ड इथे, तरुणांचा एक गट राहत होता. ते शॉटगनची काडतुसं छर्र्यांनी भरत होते, भाले घडवत होते. आज ज्या राज्यसंस्थेने घरच्या काडतुसावर बंधन घातलंय, तिच्या जन्मात घरी भरलेल्या काडतुसांचाही वाटा आहे. यात विसंगती आहे असं कोणी म्हणेल. मला उलट वाटतं. अशी काडतुसं काय करू शकतात हे या राज्यसंस्थेला इतर कोणाहून चांगलं माहीत आहे.

दारू म्हणजे काय हेही या देशाने पाहिलंय. विकलो परगण्यातल्या आर्कलोला किनॉक कंपनीचा दारूगोळ्याचा कारखाना होता. २१ सप्टेंबर १९१७ रोजी तिथे स्फोट झाला आणि किमान २७ कामगार मेले. कारखान्यात, शिकलेल्या माणसांच्या हातून, नियम असताना हे घडलं.

आणि मग १९७२. उत्तरेत रक्तपात चालू होता. त्या ऑगस्टमध्ये सरकारने आदेश काढून सगळी पिस्तुलं आणि बावीस बोअरपेक्षा मोठ्या रायफली गार्डांकडे जमा करायला लावल्या. आदेश होता एका महिन्याचा. प्रत्यक्षात बंदी दशकानुदशकं रेंगाळली. पिस्तुलाचे परवाने पुन्हा मिळू लागायला २००४ उजाडलं. इथल्या जुन्या नेमबाजांशी बोललात तर ‘तो एक महिना’ असं म्हणून ते हसतात, पण ते हसू कडवट असतं. राज्यसंस्थेने त्यांच्यावर अविश्वास दाखवला, तोही दिलेला शब्द मोडून. ही दुसरी बाजूही न्यायाने सांगायला हवी.

आता आजचा परवाना बघा. १९२५ च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टपासून चालत आलेली ही व्यवस्था आहे. ऐंशी युरो, तीन वर्षं. दोन माणसांची नावं द्यावी लागतात जी तुमच्याबद्दल सांगतील. बंदूक कुठे, कशी कुलपात ठेवणार ते दाखवावं लागतं. आणि एका वेळी किती काडतुसं जवळ बाळगायची त्याचा आकडा परवान्यावर छापलेला असतो. म्हणजे राज्यसंस्था म्हणते, ‘आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवतो, पण मोजून.’ विकत घेतलेलं काडतूस दुकानदाराच्या वहीत येतं. घरी भरलेल्या काडतुसाची नोंद कुठेच नसते. त्या तरुणाची पन्नास काडतुसं कोणाला इजा करणार नाहीत हे मलाही मान्य आहे. पण ज्या मोजणीवर इथला समाज विसंबून आहे, ती मोजणी तो गुपचूप खोटी करतो. ‘कोणाला त्रास नाही’ या वाक्यात शेजारी धरलाच नव्हता. अपार्टमेंटच्या भिंतीपलीकडे झोपलेल्या बाळाच्या आईला माहीत नसतं की पलीकडे दारूचा डबा आहे. तो धोका कदाचित फार थोडा असेल. पण थोडा का असेना, तो तिच्या वाट्याला येतो आणि तिला कोणी विचारलेलं नसतं.

इथे एक वाचक नक्की विचारेल, की मग कायदा म्हणेल ते सगळं नीतीचं का? आपल्याच किनाऱ्यावर काय झालं ते विसरलात? मे १९३० मध्ये शिरोड्याला लोकांनी मीठ उचललं. घरापुढच्या समुद्राचं मीठ घरी करणं तेव्हा गुन्हा होता. तिथेही ‘समुद्र आमचा, हात आमचे’ हाच युक्तिवाद होता ना?

प्रश्न योग्य आहे, आणि उत्तरही मला त्यातच दिसतं. शिरोड्याला कोणी रात्री लपून मीठ केलं नाही. तारीख आधी सांगितली, दिवसाढवळ्या केलं, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. कायदा मोडण्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली, शेजाऱ्याच्या नकळत त्याच्यावर टाकली नाही. शिवाय मिठाशिवाय गरिबाचं जेवण होत नाही. सरकार त्याच्या ताटातून कर उचलत होतं. पुंगळी भरल्यावाचून कोणाचं अडत नाही. ज्याला हा इथला कायदा अन्यायाचा वाटतो त्याने क्लबात बोलावं, आपल्या टीडीला पत्र लिहावं, परवान्याची सोय घरापर्यंत यावी म्हणून उघड मागणी करावी. त्यात मीही सही करीन. इंग्लंडमध्ये लोक हे नीट करत असतील तर इथेही नियम घालून करता येईल, असं मला वाटतं. पण गॅरेजचं दार लावून केलेल्या कामाला सत्याग्रह म्हणता येत नाही.

आपल्या लोकांत याला आणखी एक उत्तर मिळतं आणि ते मला मान्य नाही. ‘अरे बाबा, आपण परके, पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या घरात गप्प राहावं.’ पंधरा वर्षं कर भरणारा, मुलांना इथल्या शाळेत आयरिश शिकवणारा माणूस पाहुणा नसतो. पाहुण्याचा नियम भीतीतून येतो. ‘पकडलो तर व्हिसा जाईल’ एवढाच त्याचा अर्थ असतो. ज्या दिवशी पासपोर्ट मिळेल त्या दिवशी तो नियम संपतो. मला त्या तरुणाला सांगायचं होतं ते वेगळं. तू परका आहेस म्हणून थांबू नकोस, तू इथला आहेस म्हणून थांब. १९७२ तुझाही इतिहास आहे, जसा शिरोडा इथे वाढणाऱ्या तुझ्या मुलीचा असेल.

एवढ्यावर लेख संपवता आला असता. पण त्या तरुणाच्या बाजूने एक मुद्दा उरतो आणि तो मला सगळ्यात जड वाटतो.

पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आहे, १८६९ पासूनचा. तुमच्यापैकी काहींचे आजोबा, काका तिथे कामाला असतील. जळगाव जिल्ह्यात वरणगावला आहे, तिथेही काडतुसं होतात. पाळीवर जायचं, डबा खायचा, पाळी संपली की घरी. त्या हातांतून गेलेलं काडतूस कुठल्या सीमेवर, कोणाच्या छातीत गेलं हे त्यांना कधी कळलं नाही, आणि कळण्याची अपेक्षाही नव्हती. यात त्यांचा दोष नाही. पण बघा, आपल्या जगात बहुतेक जीवघेण्या गोष्टी अशाच तयार होतात. करणारा वेगळा, विकणारा वेगळा, वापरणारा वेगळा. प्रत्येकाची बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर.

घरी काडतूस भरणारा माणूस याला अपवाद आहे. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे पासष्ट मिलिग्रॅम, आपल्या सराफाच्या गुंजेच्या साधारण निम्मा. एवढ्या बारीक मापात चूक झाली तर बंदूक त्याच्याच तोंडाशी फुटते. आणि ती गोळी कोणत्या प्राण्यावर झाडायची हेही तोच ठरवतो. भरणारा, झाडणारा आणि परिणाम पाहणारा एकच. विकलोच्या डोंगरात हरणं वाढतात, लांडगे अठराव्या शतकातच संपले, कोवळी झाडं खाल्ली जातात, तेव्हा कोणीतरी हरणं मारतं. आपण फ्रीझरमधलं मांस घेतो आणि मारणाऱ्याबद्दल नाक मुरडतो. त्या मानाने स्वतः काडतूस भरून, स्वतः नेम धरून, मेलेल्या हरणाजवळ चालत जाणारा माणूस जास्त प्रामाणिक नाही का?

आहे. मी हे नाकारत नाही. त्या तरुणाच्या मनात, त्याला नीट सांगता आलं नाही तरी, हीच ओढ असावी. सगळं तयार मिळणाऱ्या जगात एका गोष्टीची तरी पूर्ण जबाबदारी आपल्या हातात असावी, असं त्याला वाटत असणार.

पण जबाबदारी पूर्ण हवी असेल तर ती हरणाशी आणि स्वतःच्या डोळ्यांशी थांबत नाही. भिंतीपलीकडच्या आईपर्यंत जावी लागते, परवान्यासाठी ज्या दोघांनी तुझ्याबद्दल शब्द दिला त्यांच्यापर्यंत जावी लागते. तू पकडला गेलास तर गार्डा त्यांनाही विचारणार. आणि नाही पकडला गेलास तरी त्यांचा शब्द त्यांच्या नकळत खोटा झालेला असेल. ज्या कामाची जबाबदारी घेतो असं आपण म्हणतो, ते काम सांगता आलं पाहिजे. लपवावं लागत असेल तर जबाबदारीचा मोठा भाग आपण गाळलाय, असं समजावं.

तुम्हाला बंदुकीत रस नसेल, आणि बहुतेकांना नसणारच. पण प्रत्येकाच्या घरात एखादी अशी रिकामी पुंगळी असते. रोखीने घेतलेलं आणि करात न दाखवलेलं भाडं असेल, परवानगीशिवाय मागच्या अंगणात बांधलेली खोली असेल, विद्यार्थी व्हिसाच्या तासांपेक्षा जास्त केलेलं काम असेल. गरज खरी असते, हातात कसब असतं, कोणाचं फारसं बिघडत नाही असंही दिसतं. अशा वेळी कायदा काय म्हणतो हे विचाराच, पण सोबत आणखी एक विचारा: ज्याच्या विश्वासावर मी इथे राहतो, त्याला हे मी उद्या सकाळी सांगू शकेन का?

त्या तरुणाने रिकाम्या पुंगळ्या अजून टाकलेल्या नाहीत. एका डब्यात ठेवल्या आहेत म्हणतो, कायदा बदलेल तेव्हासाठी. टीडीला लिहायच्या पत्राचा मसुदा त्याने मला पाठवलाय. इंग्रजी ठीक आहे, फक्त थोडं लांबलंय.